आवडते जुने सिनेमे आणि सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न असा: "तुम्हाला सर्वांत आवडणारा जुना किंवा जुन्या काळावर बेतलेला सिनेमा कोणता, तो का आवडतो, आणि ज्यानं कृष्णधवल सिनेमा कधी धड पाहिलाच नाही त्यानं सुरुवात कुठून करावी?"

नाव एकच द्यायचं तर प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. ही माहिती कुठंही मिळेल. तो मला का आवडतो ते जरा सविस्तर सांगते, कारण माझी बाकीची आवडसुद्धा त्याच कारणावर उभी आहे.

जुना काळ दाखवणारा सिनेमा बघताना माझं लक्ष पहिल्यांदा जातं ते माणसं काय काम करताहेत याकडे. धान्य कोण निवडतंय, गुरांना वैरण कोण घालतंय, पैसे कुठून येतात, चूल पेटली आहे का. वाडे, पैठण्या, तलवारी हे पैसे टाकून उभं करता येतं. त्या काळातल्या बाईचं घरातलं वावरणं, चिडणं, कामातून उसंत मिळाल्यावर मटकन खाली बसणं हे उभं करायला फार जाण लागते. 'संत तुकाराम' मध्ये ती जाण पहिल्या रिळापासून दिसते.

तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे, नंतर मुंबईत संगीत शिकवणारे. त्यांच्या गाण्याबद्दल आणि चेहऱ्यावरच्या शांतपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते सगळं खरं आहे. आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी तुकोबांची म्हणून जी तसबीर होती ती पागनिसांची, हे मला सिनेमा पाहिल्यावर समजलं. सुरुवातीलाच तुकोबा डोळे मिटून अभंग गातात. पाठोपाठ त्यांचा द्वेष करणारा सालोमालो तोच अभंग ताना-मुरक्या घेत, हातवारे करत, आपल्याच नावावर खपवत देवळात गातो. शब्द तेच, चाल मात्र नाटकी, आणि कोण खरा हे सांगायला एकही संवाद लागत नाही. पुढचा सगळा झगडा तिथेच कळून चुकतो.

पण माझ्यासाठी हा सिनेमा तुकोबांच्या बायकोचा, जिजाईचा आहे. ते काम गौरी या नटीनं केलंय. ती प्रभातमध्येच कंपनीतली छोटी-मोठी कामं करणारी बाई होती, नाटकात घडलेली नटी नव्हे, आणि म्हणूनच तिच्या बोलण्यात रंगभूमीचा सूर जराही नाही. जिजाई म्हशीच्या अंगावरून हात फिरवत गुणगुणते तो प्रसंग नीट बघा. त्या घरात पैसा आणणारं जनावर एकच, आणि तिचा जीव त्याच्यावर का आहे हे त्या हाताच्या फिरण्यात कळतं. नवरा शेत राखायला बसतो आणि भजनात रंगून जातो, पीक जातं, आणि घरी पोरं आहेत. तिचा राग मला कधीच कजागपणा वाटला नाही. पोराच्या दुखण्यानं ती इतकी पेटते की त्याला ओढत देवळात नेते आणि वहाण उगारून थेट पांडुरंगाला जाब विचारते. १९३६ साली, भक्तिपटात, विठ्ठलावर वहाण! आणि तरीही प्रेक्षकांना तो अपमान वाटला नाही, कारण ज्या हक्कानं ती घरच्या माणसाशी भांडते त्याच हक्कानं ती देवाशी भांडते. वारीला जाणाऱ्या बायका विठोबाशी कशा बोलतात हे ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच पटेल.

दुसरा प्रसंग नजराण्याचा. शिवाजी महाराजांकडून दागिने, वस्त्रं, मोहरा येतात. तुकोबा घरात नाहीत. जिजाई आणि पोरं ते सगळं अंगावर चढवतात, आणि त्या अंधाऱ्या घरात तेवढ्यापुरती दिवाळी होते. मग तुकोबा येतात आणि ते परत करायला सांगतात. आपल्याला माहीत असतं की ते बरोबर आहेत, तरी त्या क्षणी माझा जीव जिजाईसाठी तुटतो. दिग्दर्शकांनी दोघांनाही पुरतं बोलू दिलंय. शेवटी वैकुंठाला न्यायला विमान येतं तेव्हाही तिला घर सोडवत नाही. नवऱ्यामागे पोरांचं कोण बघणार? संताच्या चरित्रात त्याच्या बायकोच्या बाजूला इतकी जागा देणारा सिनेमा मी तरी दुसरा पाहिला नाही.

जाता जाता एक सांगते. या सिनेमातलं 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं गीत आहे. ते इतकं अस्सल उतरलं की लोक ते गाथेत शोधत बसले. केशवराव भोळ्यांची चाल आणि आठवल्यांचे शब्द ऐकले की काळाशी इमान राखणं म्हणजे काय याचा नमुनाच कानावर पडतो.

आता 'कुंकू' (१९३७). हा काही जुन्या काळावरचा सिनेमा नव्हे. शांतारामबापूंनी (दिग्दर्शक व्ही. शांताराम) तो आपल्याच काळाबद्दल केला, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. आज बघताना मात्र तो त्या काळाचा पुरावाच होऊन बसलाय. नीरा या तरुण मुलीचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावलं जातं आणि ती ठामपणे म्हणते की हे लग्न मला मान्य नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते. दात्यांनी ते वकील, काकासाहेब, खलनायक म्हणून रंगवले नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. त्या माणसाला आपली चूक हळूहळू कळत जाते आणि ते कळणं बघवत नाही. काकासाहेबांच्या विधवा मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. पुढे कुटुंबनियोजनाच्या प्रसारासाठी त्यांनी आयुष्य वेचलं, आणि पडद्यावरही त्या सावत्र आईच्याच बाजूनं उभ्या राहतात.

'कुंकू' बघाल तेव्हा कान उघडे ठेवा. यात पार्श्वसंगीतच नाही. जे ऐकू येतं ते सगळं त्या प्रसंगात घडणारं: घड्याळाची टिकटिक, भांडी, पावलं, रस्त्यावरच्या भिकाऱ्याचं गाणं, ग्रामोफोन. रडायची जागा आली म्हणून व्हायोलिन वाजत नाहीत. बोलपट येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती, सगळीकडे गाण्यांचा नुसता पूर होता, आणि तशात पुण्यात बसून कुणीतरी असा निर्णय घेतला याचं मला आजही नवल वाटतं. त्या शांततेमुळं तो वाडा खरा वाटतो. रात्री सगळे झोपल्यावर घरात जे आवाज उरतात तेच नीराच्या वाट्याला येतात आणि आपण तिच्यासोबत ते ऐकत राहतो.

'रामशास्त्री' (१९४४) मला वेगळ्या कारणासाठी जवळचा. गजानन जागीरदार रामशास्त्री, ललिता पवार आनंदीबाई. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि न्यायाधीशानं राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट मराठी मुलांना शाळेपासून पाठ असते. सिनेमा आला तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. सत्तेवरच्या माणसाला "तू गुन्हेगार आहेस" असं शांतपणे सांगणारा न्यायाधीश बघताना त्या वेळच्या प्रेक्षकाच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी दर वेळी करते. जुन्या सिनेमाची ही खास गंमत आहे. त्यात दोन काळ दिसतात, एक कथेचा आणि एक ज्यांनी तो बनवला त्यांचा. त्यातलं 'दोन घडीचा डाव' तुम्ही सिनेमा न बघताही ऐकलं असेल. अनंत मराठे आणि बेबी शकुंतला यांच्या वाट्याचा तो लहानपणचा भाग इतका निर्मळ आहे की पुढचा दरबार जास्तच काळा वाटतो.

शाहिरांवरच्या दोन सिनेमांबद्दल थोडक्यातच सांगते. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि 'अमर भूपाळी' (१९५१), दोन्ही शांतारामबापूंच्या राजकमल संस्थेचे, दोन्हींना वसंत देसायांचं संगीत, दोन्ही पेशवाईच्या उतरत्या काळातले. 'अमर भूपाळी' १९५२ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. मला दोघांत 'रामजोशी' उजवा वाटतो, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्यामुळं. हंसाबाई ज्या सहजतेनं उभ्या राहतात तशी सहजता आजच्या लावणीत क्वचित दिसते. 'अमर भूपाळी' मात्र 'घनश्याम सुंदरा' साठी तरी ऐकाच.

भालजी पेंढारकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत कोल्हापूरचा त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तो पुन्हा उभा करून त्यांनी १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' केला. त्यातले मावळे उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांसारखे दिसतात. हल्लीच्या ऐतिहासिक सिनेमांत मला नेमकं हेच सापडत नाही. सगळे सदैव गरजत असतात, दर दुसरं वाक्य टाळ्यांसाठी लिहिलेलं, घोडा उधळला की पडद्यावरचा वेळ मंदावतो, आणि कुणी भाकरी खाताना दिसत नाही. महाराजांवर माझी श्रद्धा आहे म्हणूनच हे बोचतं. ज्या माणसानं रयतेच्या भाजीच्या देठाचाही विचार केला त्याच्या सिनेमात रयत दिसायला नको का?

अलीकडचा म्हणाल तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९), परेश मोकाशींचा. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' कसा बनवतात त्याची ही गोष्ट. नंदू माधव फाळके, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. काहींना तो फार हलकाफुलका वाटतो. मला वाटतं तेच त्याचं बळ आहे. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला जाणारा, मटारचा दाणा रुजतो कसा हे एकेक चित्र घेत कॅमेऱ्यात पकडणारा, दिसेनासं होईपर्यंत डोळे ताणणारा माणूस हसऱ्या स्वभावाचा असल्याशिवाय टिकलाच नसता. बायका कामाला मिळेनात म्हणून पुरुषांनाच लुगडी नेसवायची आणि त्यांनी मिशा काढायला नकार द्यायचा! नटांना लोकांत सांगायला लाज वाटू नये म्हणून कारखान्यात काम करतो असं सांगायचं. सगळं खर्चाचं, धावपळीचं, घरातल्या माणसांना जुंपून केलेलं काम. सरस्वतीबाई स्वयंपाक उरकून फिल्मच्या कामाला बसतात हे दाखवल्याबद्दल मी त्या सिनेमाची ऋणी आहे, कारण आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये जो खेळ लागला त्यात त्यांचाही वाटा होता.

मराठीबाहेरचा एकच सांगते: सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (१९७७). १८५६ चं लखनौ, अवध गिळायला निघालेली ईस्ट इंडिया कंपनी, आणि बुद्धिबळात बुडालेले दोन जहागीरदार. वैतागलेली बायको सोंगट्या लपवून ठेवते तेव्हा हे दोघं पटावर टोमॅटो आणि लिंबं मांडून डाव सुरू ठेवतात. राज्य कसं जातं हे मी पुस्तकांत वाचलं होतं. या एका प्रसंगानं ते मला दाखवलं. अमजद खानचा अवधचा नवाब वाजिद अली शाहसुद्धा मूर्ख नाही, हळवा आहे, आणि तो मुकुट उतरवतो तेव्हा वाईट वाटतं.

आता सुरुवात कुठून करावी. कृष्णधवलची सवय नसेल तर आधी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघा, तो रंगीत आहे आणि चटकन संपतो. मग 'कुंकू'. त्यानंतर 'संत तुकाराम'. हा क्रम मी माझ्या भाच्याला सुचवला होता आणि तो आता मला नावं विचारतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं आवाज खरखरीत वाटेल, बोलण्याची ढब जड वाटेल. तेवढं सोसा, कान सरावतात. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी बघू नका. घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना शेजारी बसवा, ते मध्येच काहीतरी सांगतील आणि ते ऐकण्यासारखं असेल. चमत्काराचे प्रसंग येतील तेव्हा संगणकाची सवय झालेल्या डोळ्यांना हसू येईल. तेव्हा इतकंच लक्षात असू द्या की हे सगळं कॅमेऱ्याच्या आणि हातांच्या करामतीवर केलेलं आहे.

आणि बघायचे तर लवकर बघा, मिळताहेत तोवर. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा मूकपट, ज्यात तरुण शांतारामांनी शेतकऱ्याचं काम केलं, तो आज उपलब्धच नाही. पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला होता, आणि मला सर्वांत जास्त बघावासा वाटणारा सिनेमा त्यांचा तोच. २००३ मध्ये पुण्यात चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हाही आपण पुष्कळ गमावलं. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, तिथं जुन्या सिनेमांचे खेळ होतात, त्यावर लक्ष ठेवा. त्याच रस्त्यावर जिथं प्रभातचा स्टुडिओ होता तिथं आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 'संत तुकाराम', 'कुंकू' आणि 'रामशास्त्री' तिथंच घडले. यातला कुठलाही पाहिलात तर खाली नक्की लिहा, विशेषतः जिजाईबद्दल तुमचं मत काय झालं ते.