न पाहिलेल्या कागदावरची सही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. पीएच.डी. झाली, नोकरी लागली, पहिले सत्र संपत आले, आणि आता तू विचारतोस की व्यवसायनीतीत करिअर आहे का, की वेळीच फायनान्स किंवा ॲनालिटिक्सकडे वळावे. हा प्रश्न पत्राच्या पहिल्या पानावर आहे. दुसऱ्या पानावर, सहज आठवले म्हणून लिहावे तसे, तू लिहिले आहेस की मूल्यांकन समिती येणार आहे, संचालकांनी ‘एथिक्स सेल’च्या मागच्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते तुझ्यापुढे ठेवली आहेत, त्यांतल्या बहुतेक बैठकांच्या वेळी तू त्या संस्थेत नव्हतास, आणि समन्वयक म्हणून सही मात्र तुझी हवी आहे. माझ्या लेखी तुझे पत्र दुसऱ्या पानावर सुरू होते, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

सही करू नकोस.

हे तुला मी सांगायची गरज नव्हती, आणि म्हणूनच मला थोडा रागही आला आहे. संचालक सज्जन आहेत, सगळीकडे असेच चालते, समिती जाईपर्यंतचाच प्रश्न आहे, ही तू दिलेली कारणे मला पाठ आहेत, कारण माझ्या वर्गात ती प्रत्येक केसच्या चर्चेत कोणीतरी मांडतच असे. तू या प्रसंगाला नोकरीतली अडचण समजतो आहेस. अरे, हा तुझा विषयच आहे. कांट आणि मिल हे तत्त्वज्ञ शिकव, कंपनीची जबाबदारी नफ्यापुरतीच असते हे मिल्टन फ्रीडमनचे १९७० सालचे म्हणणे शिकव, त्याला उत्तर म्हणून एडवर्ड फ्रीमनने १९८४ मध्ये मांडलेला हितसंबंधीयांचा, म्हणजे कामगार, ग्राहक अशा कंपनीशी हित जोडलेल्या सगळ्यांचा, विचारही शिकव. परंतु माझ्या मते या विषयाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो असा की जे स्वतः पाहिलेले नाही त्यावर चांगली, शिकलेली, घरी मुलांना खरे बोलायला शिकवणारी माणसे सही का करतात.

सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण तू शिकवतोसच. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली की पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिल्लकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. विद्यार्थ्यांना राजूंविषयी बोलायला आवडते, कारण खलनायक एक असला की बाकी सगळे सुटतात. तू त्यांना राजूंवर थांबू देऊ नकोस, त्यांना बँकेच्या पत्रापर्यंत ने. बँकेला शिल्लक विचारणारे पत्र लेखापरीक्षकाने स्वतः पाठवायचे आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवायचे, हा लेखापरीक्षणातला प्राथमिक नियम आहे. अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०११ मध्ये सत्यमचे लेखापरीक्षण करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांविरुद्ध काढलेल्या आदेशात म्हटले आहे की ही पत्रे पाठवण्याचे आणि उत्तरे मिळवण्याचे काम त्यांनी सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोडून दिले होते, आणि काही शाखांकडून थेट आलेली उत्तरे कंपनीने दिलेल्या आकड्यांशी जुळत नसतानाही त्याचा पाठपुरावा झाला नाही. म्हणजे कागद होते, शिक्के होते, वर्षामागून वर्षे सह्याही होत होत्या. बँकेकडे जाऊन कोणी पाहिले नव्हते.

आणि त्या संचालक मंडळावर आपल्याच पेशातली माणसे होती, हे वर्गात सांगताना अवघडू नकोस. हार्वर्डचे एक प्राध्यापक आणि हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे तत्कालीन डीन त्यावर होते. राजू कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या विकत घेण्याच्या प्रस्तावाला १६ डिसेंबर २००८ रोजी त्या मंडळाने मंजुरी दिली आणि गुंतवणूकदारांनी आरडाओरडा केल्यावर काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. ही माणसे अप्रामाणिक होती असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक असल्याने न पाहिलेल्या कागदापासून कोणाचेही रक्षण होत नाही.

केवळ मोठी प्रकरणे शिकवलीस तर मुलांना वाटते की नीतीचा प्रश्न हजारो कोटींवरच सुरू होतो. म्हणून मी त्यांना पेट्रोल पंपावर घेऊन जात असे. भेसळ कळावी म्हणून रोज सकाळी आणि टँकर आला की काचेच्या उभट जारमध्ये नमुना घ्यायचा, त्यात घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडायचा, तापमान पाहायचे, आलेली घनता १५ अंश सेल्सियसला किती होईल ते तक्त्यावरून काढायची आणि चलनावरच्या आकड्याशी ताडून डेन्सिटी रजिस्टरमध्ये लिहायची, एवढे ते काम. एका पंपावर आमच्यातल्या एका मुलीने रजिस्टर चाळले तेव्हा पुढच्या दोन दिवसांचे आकडे, दशांश चिन्हासकट, आधीच भरलेले होते आणि पुढे सही होती. भेसळ होत होती असे काही आम्हाला आढळले नाही. पेट्रोल बहुधा चांगलेच असावे. तिथल्या पोराला विचारले तर तो म्हणाला की सकाळी गर्दी असते, म्हणून रात्रीच लिहून ठेवतो. मुले आधी हसली, मग त्यांच्यात जो वाद पेटला तो संस्थेत परत येईपर्यंत संपला नाही: माल खरा असेल आणि नोंद खोटी असेल तर फसवणूक झाली का, आणि झाली असेल तर कोणाची. त्या दिवशी मला व्याख्यान द्यावे लागले नाही.

त्यानंतरच मी त्यांना मंजुनाथ षण्मुगमबद्दल सांगत असे. लखनौच्या आयआयएममधून शिकलेला, इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी असलेला २७ वर्षांचा हा तरुण उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात भेसळीच्या प्रकरणात एका पंपाला सील लावून थांबला नाही, पुन्हा स्वतः पाहायला गेला, आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याचा खून झाला. दर वर्षी एखादा मुलगा विचारी, “मॅडम, मग आम्ही मरायचे का?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, त्याला नीट उत्तर दे. मंजुनाथला एकट्याने जावे लागते तिथे आधीच्या पुष्कळ टेबलांवर न पाहता सह्या झालेल्या असतात. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचा कागद पाहिला तर कोणा एकाला प्राण पणाला लावावे लागत नाहीत. तू ज्या टेबलावर बसला आहेस तिथे जिवाला धोका नाही. फार तर वार्षिक गोपनीय अहवाल बिघडेल.

आता आपल्या पेशाकडे येते, कारण तिथे मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता, ज्याचा निष्कर्ष असा की अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर माणसे अधिक खरे बोलतात. तो जगभर शिकवला गेला, मीही वर्गात त्याचा उल्लेख करीत असे. त्यातल्या एका प्रयोगात विमा कंपनीच्या ग्राहकांनी कळवलेली गाडीच्या मीटरची वाचने होती. २०२१ मध्ये इतर संशोधकांनी ती मूळ फाइल उघडली तेव्हा निम्मे आकडे एका फॉण्टमध्ये आणि निम्मे दुसऱ्या फॉण्टमध्ये निघाले. आकडे बनावट असल्याचे स्पष्ट झाले आणि निबंध मागे घेण्यात आला. पाच लेखकांपैकी त्या आकड्यांशी थेट संबंध एकाचाच आला होता, असे इतरांनी सांगितले. प्रामाणिकपणावरच्या, सहीवरच्या शोधनिबंधाखाली पाच जणांची नावे होती, आणि फाइल उघडून पाहायला जवळजवळ एक दशक लागले.

आपल्याकडे याचे घरगुती रूप तुला रोज दिसेल. विभागप्रमुखाचे नाव प्रत्येक शोधनिबंधावर घालायचे. पीएच.डी.च्या प्रबंधात इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत आहे असे सॉफ्टवेअरने सांगितले की पाने न उलटता मौलिकतेच्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शकाने सही करायची. आणि आता त्यात एक भर पडली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या मोठ्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे परिणामांचे मूल्यमापन, करून घ्यावे लागते. हे काम तुझ्याकडे येईल, कारण तुझ्या नावापुढे ‘एथिक्स’ लिहिलेले आहे. एजन्सीची मुले गावात जाऊन फॉर्म भरून आणतील, तक्ते तयार होऊन येतील, आणि तुझ्याकडून हवी असेल ती फक्त सही आणि संस्थेचे लेटरहेड. मानधन चांगले असते. गावात जाऊन ती विहीर, ती शाळा, ते शौचालय पाहायला वेळ नसेल तर ते काम घेऊ नकोस.

तू म्हणशील, मॅडमना हे बोलायला काय जाते. जायचे ते गेलेले आहे. मी ज्या संस्थेत होते तिथे वरिष्ठांचे नाव माझ्या निबंधावर घालायला मी नकार दिला आणि ज्या विद्यार्थ्यांच्या कामात माझा हात नव्हता त्यांच्या निबंधावर माझे नाव घालू दिले नाही. परिणामी माझी प्रकाशने बरोबरीच्या लोकांपेक्षा कमी राहिली आणि प्राध्यापकपद मिळायला फार उशीर झाला. घरच्यांनी त्याची झळ सोसली. सगळ्यांनी सांगितले की एका नावाने काय बिघडते, थोडे वाकली असतीस तर संचालक झाली असतीस आणि विषयासाठी पुष्कळ काही करता आले असते. हा युक्तिवाद मी पुष्कळदा तपासून पाहिला आहे आणि तो मला आजही मान्य नाही. जे असे वर गेले त्यांनी विषयासाठी काय केले ते मी पाहिले: परिषदा भरवल्या, स्मरणिका काढल्या. एकमेकांच्या न पाहिलेल्या सह्या ज्यांच्याकडे अडकलेल्या असतात त्यांना एकमेकांना प्रश्न विचारता येत नाही, आणि प्रश्न विचारता येत नसेल तर संचालकाच्या खुर्चीत बसून व्यवसायनीतीचे भले कसे करणार? माझा हट्ट होता हे खरे आहे. तो चुकीच्या जागी होता असे मला कोणी अजून दाखवून दिलेले नाही.

खंत आहे ती वेगळीच. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीची नीतिसंहिता ६४ पानांची होती आणि ती आपण पाळतो अशी सही प्रत्येक कर्मचाऱ्याकडून घेतली जात असे. तीच कंपनी आपल्या गुहागर तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभारत होती. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, आणि त्याच वर्षअखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले. मंडळातल्या ज्या अभियंत्यांनी आणि लेखा विभागातल्या लोकांनी त्या कराराचे तक्ते हाताळले होते, त्यांना भेटून कोणत्या टेबलावर काय पाहिले गेले आणि काय तसेच पुढे सरकले, हे मला मराठीत लिहायचे होते. संस्थेने त्यासाठी रजा दिली नाही, कारण बढतीच्या हिशोबात अशा लेखनाला गुण नव्हते. वर्गात शिकवायची केस म्हणून ते प्रसिद्ध करायचे तर संबंधित कंपनीची लेखी संमती बहुधा लागते, आणि अशा प्रकरणात ती कोण देणार, हेही मला ऐकवले गेले. त्या लोकांपैकी बरेच जण आता हयात नाहीत. हे काम व्हायला हवे होते, आणि ते व्हायला हवे होते हे मी कोणालाही सांगायला थकत नाही.

करिअरचे विचारलेस, तर आहे. कोलकात्याच्या आयआयएममध्ये मानवी मूल्यांसाठी स्वतंत्र केंद्र १९९२ पासून आहे, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयने हा विषय त्याहून आधीपासून मनापासून चालवला आहे, आणि १९८२ मध्ये सुरू झालेले ‘जर्नल ऑफ बिझनेस एथिक्स’ व्यवस्थापनशास्त्राच्या नामवंत नियतकालिकांची जी ५० नावांची यादी फायनान्शियल टाइम्सने २०१६ मध्ये केली तिच्यात होते, तेव्हा तिथे निबंध आला तर तुझ्या फायनान्सवाल्या मित्रांइतकेच तुझेही वजन होईल. फायनान्सची खरोखर आवड असेल तर खुशाल जा, मला वाईट वाटणार नाही. पण ही सही टाळण्यासाठी विषय बदलत असशील तर ऐक: फायनान्समध्ये सह्या अधिक असतात.

आता इतिवृत्तांचे. भांडू नकोस, कोणावर आरोप करू नकोस, सहकाऱ्यांच्या ग्रुपवर काही टाकू नकोस. संचालकांना एक साधे पत्र दे: मी अमुक तारखेला रुजू झालो, त्यानंतरच्या ज्या बैठकांना मी हजर होतो त्यांच्या इतिवृत्तांवर सही करीत आहे, त्याआधीच्या बैठकांसाठी तेव्हाच्या समन्वयकांची सही घ्यावी ही विनंती. पोच घे आणि प्रत घरी ठेव. सेलची बैठक या महिन्यात खरोखरच बोलाव. विषयपत्रिकेवर मौलिकतेचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आणि सहलेखकांची नावे घालण्याचे निकष हे दोन विषय ठेव, दोन विद्यार्थी प्रतिनिधींनाही बोलाव, आणि कोण काय बोलले, विरोधी मतासकट, त्याच संध्याकाळी लिहून काढ. समितीने फाइल मागितली तर तू हजर होतास त्या बैठका आणि ही बैठक, एवढेच दाखव. पत्राचा मसुदा आधी मला पाठव, त्यात ‘नाइलाजाने’ किंवा ‘क्षमस्व’ असा शब्द कुठे असेल तर मी तो काढणार आहे.

तुझी,
मॅडम