विचारा ताईंना: पोरग्याला कोल्हापूरला कधी पाठवायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बेळगावात वडगावला माहेरी राहते. म्युच्युअलनं डिव्होर्स झालाय, मुलगा तिसरीत, ताबा माझ्याकडं. ऑर्डरमध्ये लिहिलंय की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी तो बाबांकडं आणि उन्हाळी व दिवाळीच्या सुट्टीत अर्धे-अर्धे दिवस. ते कोल्हापूरला असतात. आता ते म्हणायलेत दिवाळीचे आठ दिवस पाठव, पण आमच्या शाळेला दिवाळीत सुट्टी असते तीन-चार दिवस! जूनला पण तेच, त्यांच्या भावाची पोरं पंधरा तारखेपर्यंत मोकळी म्हणून ह्यालापण ठेवून घेतो म्हणतात, इथं शाळा कधीच सुरू झालेली असते. त्यात चार महिने पोटगी नाही, म्हणून मी दोन वेळा पाठवलंच नाही. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय. माझं काय चुकलं सांगा की.
– एक आई, बेळगाव

उत्तर: पोटगीचं आधी सांगते कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पैसे आले नाहीत म्हणून पोरगं पाठवायचं नाही, हा हिशोब कोर्टात चालत नाही. पोटगी थकली तर वसुलीचा वेगळा अर्ज टाका, महिनेवार तक्ता आणि बँक स्टेटमेंट लावा, तिथं तुमची बाजू पक्की आहे. पण भेट अडवली की ऑर्डर मोडणारी तुम्ही ठरता, आणि चार महिने पैसे न देणारा माणूस जजसमोर बिचारा बाप होऊन उभा राहतो. त्यांना पण हेच लागू आहे बरं का, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद असं त्यांनाही करता येत नाही. नोटिशीला वकिलाकडून उत्तर द्या आणि चुकलेल्या दोन भेटींच्या बदली तारखा तुम्हीच सुचवा.

आता सुट्टीचं. ह्यात मला तुमचा पण दोष दिसत नाही आणि त्यांचा पण, दोष त्या कागदाचा आहे. आमचे वकीललोक (मी पण त्यातलीच) भेटीचा मजकूर जुन्या फाईलमधनं उचलतात, आणि तो जर महाराष्ट्रातल्या केसचा असला तर त्यात दिवाळी आणि मे महिना आलाच. कर्नाटकात शाळेची ऑक्टोबरातली मोठी सुट्टी दसऱ्याची. उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मे संपता संपता शाळा सुरू, तिकडं महाराष्ट्रात जूनचा मध्य उजाडतो. म्हणजे बाप कोल्हापूरचं कॅलेंडर बघून दिवस मोजतोय, आई बेळगावचं बघून, आणि दोघं एकमेकाला खोटारडं म्हणायलेत.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबद्दलची ऑर्डर नंतर बदलून घेता येते, डिव्होर्स झाला म्हणजे ते दार बंद झालं असं नाही. ज्या कोर्टानं ऑर्डर दिली तिथंच अर्ज करायचा. दोघांचं जमत असेल तर एकत्र सह्या करून बदल लिहून द्या, सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारं काम ते. जमत नसेल तर फॅमिली कोर्टात आधी समेटाचा प्रयत्न होतोच, तिथं कौन्सेलरसमोर शाळेचं छापील कॅलेंडर घेऊन बसा, रडगाणं घेऊन नको. आणि बाईमाणसाला सरकारी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याप्रमाणे, उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात विचारा.

बदलात काय लिहून घ्याल? सुट्ट्या “मुलाच्या शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे” हे शब्द आधी. दसऱ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. दिवाळीचे दिवस सणाप्रमाणे वाटा, एक वर्ष लक्ष्मीपूजन इथं आणि पाडवा-भाऊबीज तिकडं, पुढच्या वर्षी उलटं. शनिवारी सकाळची शाळा असते तर भेट दुपारपासून धरा, नाहीतर दर वेळी दप्तरासकट पोरग्याची ओढाताण. पोरगं कुठं सोपवायचं ते नाव घालून लिहा, निपाणी बस स्टँड म्हणा, दोघांना पण सोयीचं, म्हणजे कोण कुणाच्या दारात जायचं ह्यावरनं मान-अपमान नको. वेळ लिहा आणि किती उशीर चालेल ते पण.

आणि आपल्याकडं आणखी एक गोष्ट लिहावी लागते जी पुण्याच्या वकिलाला सुचणार नाही, ती म्हणजे बस बंद झाली तर काय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरनं वाद पेटला आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या बस थांबल्या, त्याआधी डिसेंबर २०२२ ला पण तसंच झालं. असल्या वेळी पोरगं इकडंच राहिलं तर आईनं अडवलं असं होऊ नये आणि बापाचे दिवस पण बुडू नयेत, म्हणून “पुढच्या शनिवारी बदली भेट” एवढी एक ओळ घाला.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. मुलगी सहा वर्षांची, आईबरोबर चंदगडकडं. व्हिडिओ कॉल लावला की झोपली, जेवायलीय, बाहेर गेलीय. गावातले म्हणतात पाच वर्षं झाली की पोरगी बापाची, केस घाल. घालू काय?
– एक बाप

उत्तर: गावातल्यांचं अर्धं ऐकलंय तुम्ही. १९५६ च्या पालकत्व कायद्यात एवढंच आहे की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं राहावं. पाच झाली की आपोआप बापाकडं, असं कुठंच लिहिलेलं नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सगळ्यात वर धरलंय. मुलगी तिथं शाळेत रमली असेल तर ताब्याच्या केसमध्ये वर्षं जातील आणि हाती लागंल ते आज आहे तेच.

त्यापेक्षा फोनचं मागा. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात सांगितलंय की ज्याच्याकडं ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे आणि व्हिडिओ कॉल सगळ्यात बरा. ह्याच्या आधारानं ठरलेली वेळ मागा, समजा संध्याकाळी सात, मग झोपली-जेवली चालणार नाही. चंदगड म्हणजे काय लांब नाही हो, तिकडचे लोक बाजाराला बेळगावलाच येतात, महिन्यातनं दोन रविवार भेट पण मागा. फक्त कॉलवर पोरीला “आई कुठं गेलीय, कोण आलं होतं” विचारत बसू नका. निम्मे फोन ह्याच्यामुळंच कट होतात, माझ्याकडं येणाऱ्या केसमध्ये बघतेय मी.

प्रश्न: मुलगा दुबईला. त्याला भेटीचा हक्क आहे पण तो वर्षातनं एकदा येतो. आम्ही आजी-आजोबांनी नातवाला बघायचंच नाही काय?
– निपाणी

उत्तर: मुलाच्या ऑर्डरमध्ये तुमचं नाव घालून घ्या, म्हणजे त्याच्या गैरहजेरीत ठरलेल्या दिवशी तुम्ही भेटू शकाल. आज ना उद्या दुसरा अर्ज करावाच लागला तर कोर्ट तुमचं पण ऐकेल, पण आपोआप हक्क असा नाही. त्याआधी व्याह्यांना एक फोन करा आणि भेटायला जाताना वकिलाला बरोबर नेऊ नका.