शिकाऱ्यांसाठी यंत्र करतोय म्हणे!

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला इलेक्ट्रिकलमध्ये एमएस करतो आहे, शेवटचं वर्ष. ज्या शेतकऱ्याकडे भाड्याने राहतो त्यांच्याबरोबर नोव्हेंबरात रानात गेला होता. तेव्हापासून हरणाच्या शिकाऱ्यांसाठी यंत्र बनवायचं खूळ डोक्यात आहे. वाटेवर सेन्सर लावायचा, हरीण जवळ आलं की शिकाऱ्याच्या खिशातली डबी थरथरते. शिकारी झाडावरून पडला तर घरी निरोप जातो, अशीही सोय केली आहे. नोकरी शोधणार नाही, कंपनी काढणार म्हणतो. पेटंट आणि मार्केटिंग करून देतो म्हणून कुणी दहा हजार डॉलर मागितलेत, ते आम्ही पाठवायचे. आमच्या ह्यांच्या गळ्यात माळ आहे, ते विषयच काढू देत नाहीत. काय करावं? — एक आई, सांगली

ताई,

आधी माळेचं बोलते, कारण ते मिटल्याशिवाय घरात पुढचं बोलणं होणार नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने हरीण मारणं गुन्हा आहे, त्यामुळे शिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर कोर्टकचेऱ्याच येतात. विस्कॉन्सिनमध्ये हरणं उदंड आहेत. शेतात घुसतात, गाडीखाली येतात, आणि किती मारू द्यायची ते सरकार दरवर्षी ठरवतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात, मांस घरी खातात नाहीतर अन्नछत्राला देतात. हे सगळं सांगूनही तुमच्या ह्यांना पटणार नाही, आणि पटलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. ज्याचं मन घेत नाही त्याने त्या धंद्यात पैसा घालू नये. पण मुलाशी बोलणं बंद करू नका. त्याच्या यंत्रात दोन यंत्रं आहेत, आणि ज्याचा तुम्ही जाता जाता उल्लेख केलात तेच मला जास्त कामाचं वाटतं.

हरीण आल्याची वर्दी देणारा भाग आधी घेऊ. तांत्रिकदृष्ट्या तो अवघड नाही. शरीराची उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर आणि लांब पल्ल्याचा लोरा रेडिओ हे दोन्ही बाजारात तयार मिळतात. रानवाटेवर लावायचे, जनावर आलं की आपोआप फोटो काढणारे ट्रेल कॅमेरे हेच काम करतात. आपल्याकडच्या 2018 च्या व्याघ्रगणनेत तसेच कॅमेरे 26,838 ठिकाणी लावले होते. म्हणजे कल्पना जुनी, स्पर्धा दाट. मोबाईलवर फोटो पाठवणारे कॅमेरे तिथे सर्रास विकले जातात.

खरी अडचण कायद्याची आहे. शिकारीचे नियम तिथे प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. ॲरिझोनाने 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली. नेवाडात सरकारी जमिनीवर हंगामापुरती बंदी असते. पेनसिल्व्हेनियात शिकारीत इलेक्ट्रॉनिक उपकरण वापरायला मुळातच मनाई, आणि मग अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरला सूट, बाणाच्या शेपटीच्या दिव्याला सूट, अशी एकेक वस्तू मोकळी केलेली. ज्या यंत्रामुळे जनावराला निसटायची संधीच उरत नाही, त्याच्याकडे जुने शिकारीसुद्धा नाक मुरडतात. हरीण या क्षणी कुठे आहे हे सांगणारी कुठलीही डबी त्या वादात सापडणार. दुकानदाराने पहिला प्रश्न 'हे किती राज्यांत चालतं?' असा विचारला, तर तुमच्या चिरंजिवांकडे आज उत्तर आहे का?

आता पडण्याचा भाग. तिकडचे शिकारी झाडाला बांधलेल्या ट्री स्टँडवर, म्हणजे मचाणावर, चांगल्या पंधरा-वीस फुटांवर, पहाटेच्या अंधारात चढतात. शिकारीतल्या मोठ्या दुखापतींमध्ये या पडण्याचा वाटा फार मोठा आहे. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा, असला तरी भागत नाही. माणूस त्यात लटकत राहिला की पायांत रक्त साचतं आणि वेळेत सोडवला नाही तर तो दगावू शकतो. म्हणून पडल्याची खबर लगेच जाणं महत्त्वाचं. पडलेलं ओळखणारी घड्याळं 2018 पासून आहेत, उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणंही आहेत. पण बहुतेक घड्याळांना नेटवर्क लागतं, आणि उत्तरेकडच्या त्या रानात ते कित्येकदा नसतं. उपग्रहाच्या यंत्राचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. दोन मैलांवरच्या शेतघरात घरमालकीणबाईंच्या ओट्यावर ठेवलेली एक साधी डबी वाजली, तर ती कुठल्याही राज्याच्या शिकार कायद्याच्या आड येण्याचं कारण दिसत नाही. शिवाय ती विकत घेणारी शिकाऱ्याची बायको असेल, शिकारी नव्हे. हे गिऱ्हाईक वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त भरवशाचं आहे. माळकरी बापालाही माणूस वाचवणाऱ्या यंत्राबद्दल बोलायला हरकत नसावी.

एक कराचीही गोष्ट. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून शिकारीच्या सामानावरचा कर वन्यजीव संवर्धनाला जातो. आज धनुष्याला जोडायच्या सुट्या भागांवर उत्पादकाला 11 टक्के कर भरावा लागतो. तीच डबी धनुष्याला लावायची म्हणून विकली तर या करात येऊ शकते. हार्नेसच्या पट्ट्याला लावायची असेल तर हा कर लागू नये. कुठे क्लिप लावायची यावर नफा ठरतो, हे इंजिनिअरिंगच्या वर्गात कुणी शिकवत नाही.

मुलाने यंत्राचा फोटो पाठवला आहे तो मी नीट पाहिला. सर्किटच्या तयार बोर्डावरचा निळा दिवा तसाच जळतो आहे. हरणाच्या डोळ्याला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, म्हणून तर शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून बसू शकतो. निळा रंग मात्र हरणाला चांगला दिसतो. त्या दिव्याने महिन्याभराची मेहनत वाया जाईल. डबीच्या पाकिटाला वेल्क्रो लावलाय, तो उघडताना होणारा चर्रर्र आवाज शांत रानात किती लांब जातो ते घरमालकांनाच विचारायला सांगा. बटणं इतकी बारीक आहेत की हातमोजे घातलेल्या बोटाने दाबली जाणार नाहीत. आणि बॅटरी! उणे पंधरा अंशांत साध्या अल्कलाइन सेलचा जीव जातो, लिथियम-आयन शून्याखाली चार्ज केली तर बिघडते. जानेवारीत रात्रभर यंत्र अंगणात ठेवून सकाळी ते चालतं का, एवढी एक परीक्षा त्याने घेतली तरी प्राध्यापकांच्या दहा शेऱ्यांपेक्षा जास्त कळेल.

धंद्याचं कॅलेंडर उलटं चालतं. नोव्हेंबरात विकायचा माल दुकानांचे खरेदीदार साधारण जानेवारीतच पाहतात. धनुर्विद्येच्या व्यापाऱ्यांचं एटीए प्रदर्शन आणि लास वेगासचा शिकारी-नेमबाजीच्या सामानाचा शॉट शो दोन्ही जानेवारीत, हॅरिसबर्गचं मोठं आउटडोअर प्रदर्शन फेब्रुवारीत. ऑक्टोबरात यंत्र तयार झालं तर एक वर्ष गेलं समजा. मोठ्या साखळी दुकानाच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नये. ते उत्पादन-दायित्वाचा विमा मागतात, उधारीवर माल घेतात आणि उरलेला परत करतात. गावातल्या हार्डवेअरच्या आणि धनुष्याच्या दोन-तीन दुकानांत ठेवून, तक्रारी ऐकून, सुधारून मग पुढे जावं. जीव वाचवण्याचा दावा करणारं यंत्र एकदा जरी वेळेला वाजलं नाही तरी खटला उभा राहतो, म्हणून विमा आणि एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, हे दोन्ही पहिल्या विक्रीच्या आधी हवेत. रेडिओ असल्यामुळे एफसीसीची, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची, मान्यता लागेल. आधीच प्रमाणित असलेलं मॉड्यूल वापरलं तर तो खर्च बराच उतरतो.

आता व्हिसा, कारण इथे चूक झाली तर यंत्र राहील आणि मुलगा परत येईल. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असताना पेटंटचा अर्ज करता येतो, कल्पना आखता येते, पण परवानगीशिवाय स्वतःच्या कंपनीत प्रत्यक्ष काम करणं, माल विकणं चालत नाही. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, 12 महिने मिळतात, त्यात आपल्या विषयाशी संबंधित स्वतःचा व्यवसाय करता येतो. त्यापुढच्या 24 महिन्यांच्या वाढीव ओपीटीला मात्र प्रशिक्षण देणारा खरा मालक लागतो, स्वतःच स्वतःचा मालक होऊन भागत नाही. म्हणून नोकरी शोधू नको असं ठरवणं मला मान्य नाही. सेन्सर, बॅटरी, रेडिओ यांवर काम करणाऱ्या कंपनीत नोकरी धरावी आणि करारातलं 'शोध कुणाच्या मालकीचा' हे कलम सहीआधी वाचावं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या पगारावर काम केलं असेल तर त्यांचाही हक्क निघू शकतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून हे सगळं लेखी घ्यायला सांगा, रूममेटचं ऐकू नका.

राहिले दहा हजार डॉलर. ताई, पाठवू नका. अशा कंपन्यांना 1999 च्या अमेरिकी कायद्याने करार करण्याआधी लेखी सांगावं लागतं, की त्यांच्या सेवेमुळे किती गिऱ्हाइकांना दिलेल्या पैशांपेक्षा जास्त उत्पन्न झालं. मुलाने तो आकडा मागावा. तो ऐकून बहुतेक बोलणं तिथेच थांबेल. तात्पुरता पेटंट अर्ज त्याला स्वतः भरता येतो. तो सूक्ष्म अर्जदाराच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या संशोधकाच्या, सवलतीत बसत असेल तर सरकारी शुल्क शंभर डॉलरच्या आत असतं आणि विचार करायला 12 महिने मिळतात. कुणाला दाखवण्याआधी तो अर्ज गेलेला बरा. शोध जाहीर केल्यापासून अर्ज करायला अमेरिका वर्षभराची सवलत देते, युरोप देत नाही. गरजूंना फुकट मदत करणारे पेटंट वकील मिळवून देणारी योजनाही अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची आहे, तिथे नाव घालावं.

तरीही त्याला काही द्यायचं तुमच्या मनात असेलच, तर दहा डब्या बनवण्यापुरते द्या, आणि त्या घरमालकांच्या ओळखीतल्या दहा घरांत पुढच्या हंगामात फुकट वापरायला द्यायला सांगा. त्या घरांनी काय काय सांगितलं ते डिसेंबरात मला कळवा, कंपनीचं तेव्हा बघू.