हरिश्चंद्रगडावर जेवायचंय? आधी सांगा, मग कड्यावर जा

सहा जण पायथ्याच्या पाचनई गावातून शनिवारी चढणार, तर दुपारचं जेवण वरच्या झोपडीत मिळेल का स्टोव्ह न्यायचा, असा प्रश्न आहे. स्टोव्ह नका नेऊ. अभयारण्याचा भाग आहे, शिवाय वर वारा ज्योत टिकू देत नाही. शनिवार-रविवारी देवळाजवळच्या झोपड्यांत पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा मिळतोच. आडवारी किंवा भर उन्हाळ्यात झोपड्या बंदही असतात, तेव्हा पाचनईतच विचारून घ्या. झोपड्या चालवणारे बहुतेक तिथलेच.

सगळ्यांची चूक एकच होते. गडाच्या पश्चिमेचा कोकणकडा बघून, भुकेने कासावीस होऊन यायचं आणि मग सांगायचं. माणशी दोन म्हणजे बारा भाकऱ्या. चूल एक, तवा एक, थापण्यापासून शेकण्यापर्यंत एकीला चार-पाच मिनिटं. तासभर गेलाच. म्हणून देवळापाशी पोचताच माणसं, भाकऱ्यांचा आकडा, परतायची वेळ आणि दर ठरवा, मग कड्याकडे निघा. जाऊन-येऊन, थोडं बसून दीड-दोन तास आरामात जातात.

घाई केली की पिठलं बिघडतं. बेसन कालवून ओतल्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं रटरटलं पाहिजे. गर्दीत ते आधीच उतरवतात आणि मग गड उतरताना पोट डब्ब होतं. कच्चट वास आला तर 'मावशी, अजून एक उकळी येऊ द्या' म्हणा, त्यात कसला संकोच? भाकरी बहुधा तांदळाची किंवा नाचणीची. चिरा पडून तुटत असेल तर पीठ जुनं, त्याची विरी म्हणजे चिकटपणा गेलेला. चांगली भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी केली की टम्म फुगते. ती तेव्हाच खा, गार झाली की चामट होते.

पोट बिघडतं ते जेवणाने क्वचितच, पाण्याने. पिठल्याचं पाणी उकळलेलं असतं, पण लिंबू सरबत आणि ताकात गडावरच्या खोदीव टाक्याचं पाणी कच्चंच पडतं. सरबत हवं तर आपल्या बाटलीतलं पाणी द्या. क्लोरीनचे थेंब टाकले असतील तर अर्धा तास थांबा, लिंबू त्यानंतरच पिळा. आधी पिळलं तर क्लोरीन लिंबातच खर्ची पडतं. माणशी तीन लिटर पाणी खालूनच आणलेलं बरं.

सुटे पैसे न्या, रेंजच्या भरवशावर मोबाईलने पैसे द्यायचा बेत नको. पीठ, तेल, कांदे सगळं डोक्यावरून चढतं, त्यामुळे घासाघीस शोभत नाही. स्टीलची ताटली सोबत ठेवा, पत्रावळ्यांचा कचरा वाचतो. खरकटं देवळाजवळच्या पुष्करणीत, म्हणजे कुंडात, धुवू नका, बाटलीतल्या पाण्याने लांब जाऊन धुवा. आणि झोपडी बंद निघालीच तर प्रत्येकाच्या सॅकमध्ये दोन दशम्या, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा असू द्या.