फायबर बंद पडलं तरी दुकान चालू राहावं म्हणून परवडेल असं बॅकअप इंटरनेट कोणतं?

तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, फायबर अधूनमधून जातं, गिऱ्हाईक हात हलवत परत जातं, म्हणून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेऊन ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. दुकानांना आणि दवाखान्यांना वाय-फाय, सीसीटीव्ही बसवून देणं हाच माझा धंदा आहे. सरळ सांगतो, दुसरं फायबर घेऊ नका.

दुकानाबाहेर येऊन जरा वर बघा. गावात बहुतेक ठिकाणी दोन्ही कंपन्यांच्या काळ्या वायरी त्याच एमएसईबीच्या खांबांवरून आलेल्या असतात. फांदी पडली किंवा उसाची उंच भरलेली ट्रॉली खालून गेली की दोन्ही एकदम तुटतात. वायर जमिनीखालून असली तरी गटारासाठी खोदणारा जेसीबी कंपनी बघून खोदत नाही. बॅकअप यायला हवा तो वेगळ्या वाटेने, म्हणजे सिमवरून.

पण खर्च करण्याआधी नेमकं काय जातं ते बघा, नेट की लाइट? फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर बहुधा वायर तुटली. सगळेच दिवे विझले असतील तर तो विजेचा प्रश्न. कॉम्प्युटरला यूपीएस आणि राउटर मात्र साध्या बोर्डवर, असं मी कितीतरी दुकानांत बघतो. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू, नेट बंद, आणि शिव्या नेटवाल्याला! राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस हजार-दीड हजारात येतो आणि काही तास निघतात. राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते वाचून त्याला जुळणाराच घ्या. काही जणांचं काम एवढ्यावरच भागतं.

आता सिम. एकच कॉम्प्युटर असेल तर नवीन काही विकत घ्यायची गरज नाही, फोनमधल्या सिमचं नेटच कॉम्प्युटरला द्या. ज्या कंपनीचं फायबर, त्याच कंपनीचं सिम मात्र नको, कारण त्या कंपनीचा टॉवरही त्याच फायबरवर चालत असू शकतो. कोणतं सिम चांगलं हे जाहिरातीवरून ठरवू नका. जिथे कॉम्प्युटर आहे त्याच टेबलापाशी बसून, संध्याकाळी सगळं गाव मोबाइलवर असताना, मित्राच्या फोनवर एखादी पीडीएफ अपलोड करून बघा. रस्त्यावर चार कांड्या दिसतात आणि स्लॅबखाली आत आलं की एकच उरते, हा नेहमीचा अनुभव. तुमच्या कामाला डाउनलोडच्या वेगापेक्षा अपलोड न अडकणं जास्त महत्त्वाचं.

फोन हॉटस्पॉटऐवजी वायरने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन चार्जही होत राहतो आणि कनेक्शन टिकतं. शिवाय कॉम्प्युटर हॉटस्पॉटवर गेला की वाय-फाय प्रिंटर मागे जुन्या वाय-फायवरच राहतो. फॉर्म भरला जातो, प्रिंट काही निघत नाही, आणि मालक प्रिंटरवाल्याला फोन लावतो.

रिचार्जचा पैसा वाया जातो असं वाटून लोक तो करायचं सोडतात आणि ऐन फॉर्मच्या शेवटच्या तारखेला सिम बंद निघतं. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज, हेही लक्षात घ्या. त्यावर माझा उपाय असा: गिऱ्हाईक ज्या नंबरवर व्हॉट्सॲपने कागद पाठवतं, तो दुकानाचा नंबरच या सिमवर ठेवा. रिचार्ज कधी चुकणार नाही.

दोन-तीन कॉम्प्युटर असतील, किंवा तुम्ही जेवायला गेलात की फोनही तुमच्याबरोबर जात असेल, तर सिम घालायचा ४जी राउटर घ्या, साधारण तीन-चार हजारांत. घेताना एकच गोष्ट विचारा: फायबरच्या डब्यातून येणारी नेटची केबल याच्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत घ्यायच्या खाचेला) लावून सिम बॅकअपला ठेवता येतं का? येत असेल तर अदलाबदल आपोआप होते आणि प्रिंटर जागेवर राहतो. फक्त वायर जोडलेली आहे एवढं बघून नेट चालू धरणारे राउटरही असतात. पिंग करून, म्हणजे नेटवर खरंच उत्तर येतं का ते तपासून, खात्री करणारा पर्याय असेल तर तो चालू करा. अदलाबदल होताना पोर्टल लॉगआउट होऊ शकतं. फी भरताना तसं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी स्टेटस बघा.

विंडोजमध्ये सिमच्या कनेक्शनला मीटर्ड (मोजून वापरायचं नेट) करून ठेवा, नाहीतर प्लॅनमधला दिवसाचा दीड जीबी अपडेटच खाऊन टाकेल.

एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनवायरीचं येणारं नेट, चांगलं आहे, पण महिन्याला सहाशेच्या आसपास अधिक जीएसटी म्हणजे वर्षाला आठ हजारांच्या वर जातं. नुसत्या बॅकअपसाठी मला ते जड वाटतं. फायबर फारच रडवत असेल तर तेच मुख्य करा.

आंदोलनाच्या काळात सरकार मोबाइल इंटरनेट बंद करतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, छत्रपती संभाजीनगरात केलं होतं तसं. तेव्हा हे सिम कामाचं नाही, पण फायबर बहुधा चालूच असतं. एरवी नुसतं फायबर गेलं तर क्यूआरवर पैसे घेण्याची चिंता करूच नका. गिऱ्हाईक स्वतःच्या नेटवरून भरतं आणि बोलणाऱ्या साउंडबॉक्समध्ये त्याचं स्वतःचं सिम असतं.