बँडमधून जॅझच्या वर्गात जाताना

लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून तुझा दम पक्का झालाय, ऐकलेली चाल लगेच बोटांत येते. हे भांडवल लहान नाही, गड्या. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे भजनात काय नि वरातीत काय, सगळा जीव चालीत. जॅझमध्ये चालीखाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, बदलत राहतात आणि सुचलेलं त्यांच्यावर बसवावं लागतं.

म्हणून भजनी मंडळाची पेटी माग. बारा बारचा ब्लूज, म्हणजे जॅझमधला कॉर्डचा एक नेहमीचा क्रम, धर (इथे एक बार म्हणजे चार मात्रा; सी, एफ, जी ही पाश्चात्त्य सुरांची नावं, ‘सेव्हन’ म्हणजे त्या सुरावरचा चार सुरांचा कॉर्ड): चार बार सी सेव्हन, दोन एफ सेव्हन, दोन सी सेव्हन, मग एक जी सेव्हन, एक एफ सेव्हन, शेवटचे दोन पुन्हा सी सेव्हन. भाता डाव्या हाताने, कॉर्ड उजव्याने. तुझा सॅक्सोफोन आल्टो जातीचा आहे, त्याच्या सुरांची नावं पेटीशी जुळत नाहीत, तेव्हा पेटीच्या सीला तुझा ए येईल, गोंधळू नको. मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ऐक. समेवर जोर द्यायची सवय इथे नडते.

चार्ली पार्कर या अतिवेगवान जॅझ सॅक्सोफोनवादकापासून सुरुवात केलीस तर भंजाळशील. लेस्टर यंग या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाचा एखादा संथ सोलो (एकट्याने वाजवलेला तुकडा) घे. आधी तोंडाने गा, मग वाजव, शेवटी लिही. नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहिणं, येतं हळूहळू, त्याची धास्ती नको.

फीचं मात्र सरळ सांगतो. अमेरिकेत बोस्टनचं बर्कली हे संगीत महाविद्यालय १९४५ पासूनचं, नाव मोठं, खर्चही तसाच. शिष्यवृत्तीचा आकडा कागदावर आल्याशिवाय बाबांना वावर विकू देऊ नको.