पहिल्या रिपोर्टात निदान नाही, मग पुन्हा तुकडा का?

प्रश्न : माझ्या वडिलांना अनेक वर्षांपासून खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) सवय आहे. गालाच्या आतली जखम दोन महिने भरली नाही, म्हणून रुग्णालयात तपासणीसाठी तिचा तुकडा काढला (बायोप्सी). रिपोर्टात निदान नाही, 'अधिक खोल तुकडा पाठवावा' एवढेच लिहिले आहे. ज्या पॅथॉलॉजिस्टने (तुकडा तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरांनी) बाबांना पाहिलेही नाही, त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा तुकडा काढू द्यावा का? चाकू लागला की कॅन्सर पसरतो, असे गावात म्हणतात.
– एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : तुकडा अवश्य काढू द्यावा आणि त्यात दिरंगाई करू नये. तोंडातील जखमेचा तुकडा तपासणीसाठी काढल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूत निराधार आहे. तिच्यापायी वाया जाणारे महिने मात्र खरोखर महागात पडतात.

तुकडा फॉर्मालिनमध्ये (तो कुजू न देणाऱ्या द्रावणात) मुरवून, त्यातील पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. तिचे ३ ते ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवले, की पेशींची केंद्रके निळसर-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. अवघड काम यापुढे सुरू होते. गालाच्या अस्तरातील पेशी बिघडलेल्या दिसल्या, तरी तेवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. अस्तराच्या तळाची पातळ सीमा ओलांडून त्या खाली शिरल्या आहेत का, हे पाहावे लागते. तुकडा वरवरचा असेल, तर खालचा भाग काचेवर आलेलाच नसतो, आणि जखमेच्या मधोमध घेतलेला असेल, तर बऱ्याचदा नुसत्या मेलेल्या पेशी हाती लागतात. त्यातून खर्ऱ्यातील सुपारीने गाल आतून आखडून तोंड पुरते उघडत नसेल, तर जखमेच्या कडेचा नीट खोल तुकडा काढणे डॉक्टरांनाही कठीण जाते. अशा वेळी अंदाजाने 'कॅन्सर' किंवा 'कॅन्सर नाही' असे लिहून मोकळे होण्यापेक्षा पुन्हा तुकडा मागणारा पॅथॉलॉजिस्ट मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण पुढची शस्त्रक्रिया त्याच कागदाच्या आधारावर ठरते.

त्यांनी बाबांना पाहिले नाही, हे खरे. परंतु तुकड्यासोबतचा फॉर्म ते वाचतात. जखम नेमकी कुठे आहे, किती दिवसांची आहे, खर्रा किती वर्षे खाल्ला, तोंड किती उघडते, हे त्यात लिहिले जाईल याकडे आपण लक्ष द्यावे. (हे रकाने कोरे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे.)

पुढे नागपूरला किंवा सेवाग्रामला जाणे झाले, तर दोन्ही रिपोर्टांसोबत ब्लॉक आणि स्लाइडही (काप घेतलेल्या काचाही) मागून न्याव्यात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यावरून स्वतंत्र मत देता येते आणि गरज पडल्यास त्याच ब्लॉकवर पुढच्या विशेष चाचण्याही होतात. फक्त उन्हाळ्याच्या दिवसांत ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. मेण मऊ पडते.